तंजावरचा मुदपाकखाना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांपर्यंत ग्रीस देशातील हजारो माणसे अमेरिकेत जाऊन स्थायिक झाली. त्यांपैकी पुष्कळांनी शिकागोसारख्या शहरांत आणि आसपासच्या लहान गावांत मिठाईची दुकाने थाटली. काचेच्या उंच बरण्या, संगमरवरी फळ्या, मागे आरसे आणि त्या आरशांत दुपटीने दिसणाऱ्या चॉकलेटच्या व साखरेच्या वड्या, अशी त्या दुकानांची मांडणी असे. त्यांपैकी बहुतेक दुकाने आता उरलेली नाहीत. परंतु त्यांतील एखादे कपाट, एखादी बरणी जुन्या काळाची खूण म्हणून कोठे कोठे जपली जाते. त्या मांडणीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तेथे मांडलेले पदार्थ बहुतांशी ग्रीक नव्हते. घरी सणावाराला बकलावा होई. दुकानात मात्र गिऱ्हाइकाच्या जिभेला रुचेल तेच ठेवले जाई. परदेशी गेलेल्या कुटुंबाचे खाणे असे दोन ठिकाणी वाटले जाते : काही घराच्या चुलीपाशी राहते आणि काही रस्त्यावरच्या माणसासाठी काचेआड मांडले जाते. यांपैकी टिकते कोणते, हा प्रश्न केवळ मिठाईचा नाही. तो स्थलांतर केलेल्या प्रत्येक समाजाचा आहे.

हाच प्रश्न कावेरीकाठच्या तंजावरला विचारून पाहण्यासारखा आहे. ग्रीक दुकानदारांच्या सव्वादोनशे वर्षे आधी एक मराठी कुटुंब असेच दूरदेशी जाऊन राहिले. त्याने दुकान मांडले नाही, राज्य मांडले. ते राज्य १८५५ साली संपले. सिंहासन गेले, फौज गेली, किल्ला आणि खजिना गेला. परंतु त्या राजघराण्याच्या मुदपाकखान्यातून, म्हणजे राजाच्या पाकगृहातून, आणि त्याच्याबरोबर आलेल्या साध्या मराठी घरांच्या चुलींवरून जे बाहेर पडले, त्याचा मागोवा अजूनही घेता येतो.

भोसल्यांचे हे स्थलांतर एका दिवसात घडलेले नाही. शहाजीराजांना विजापूर दरबाराकडून कर्नाटकातील जहागीर मिळाली आणि बंगळूर हे त्यांचे ठाणे झाले. तुकाबाईंच्या पोटी झालेले त्यांचे पुत्र व्यंकोजी, ज्यांना एकोजी असेही म्हणतात, हे त्याच दक्षिणी वातावरणात वाढले. १६७३ मध्ये मदुरेच्या नायकाने तंजावरचा नायक विजयराघव याचा पराभव केला. त्या युद्धात विजयराघव मारला गेला. पुढे त्याच्या वंशजाच्या बाजूने विजापूरने व्यंकोजींना पाठविले, आणि १६७५ च्या सुमारास व्यंकोजींनी तंजावर स्वतःच्याच ताब्यात घेतले. १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवर आलेले शिवाजी महाराज आणि व्यंकोजी यांची भेट कोळ्ळिडम नदीच्या परिसरात झाली. भावांमध्ये वाटणीवरून बेबनाव झाला, लढाई झाली, आणि अखेर तह झाला. त्या तहात महाराजांनी बंगळूरकडील मुलूख आपली भावजय दीपाबाई हिला चोळीबांगडीसाठी म्हणून दिला. या दीपाबाईचे नाव लक्षात ठेवावे. कारण तंजावरच्या पाककथेत ते पुन्हा येणार आहे.

व्यंकोजींच्या मागोमाग स्वार आणि शिलेदार आले, तसेच कारकून, शास्त्री, वैद्य, हरिदास आणि आचारीही आले. यांतील बहुतेकांचा मूळ मुलूख ज्वारी-बाजरीचा. तंजावर म्हणजे कावेरीच्या मुखाजवळची सखल, ओली, काळी भूमी. जिकडे नजर टाकावी तिकडे भात, ऊस, नारळ आणि केळी. तेथे भाकरीचे पीठ मिळणे कठीण, गहू बाहेरून आणावयाचा, आमसूल कोकणातले. पाहुणा म्हणून आलेला मनुष्य चार दिवस शिदोरीवर काढू शकतो. वस्तीला आलेल्या माणसाला मात्र तेथल्या बाजारात जे मिळते त्यावरच आपले घर चालवावे लागते. म्हणून तंजावरच्या मराठी स्वयंपाकाचा इतिहास म्हणजे एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू बसविण्याचा इतिहास आहे. आमसुलाच्या जागी चिंच आली, भाकरीच्या जागी भात आला. गुळाला मात्र जागा बदलावी लागली नाही, कारण कावेरीकाठचा ऊस त्यासाठी पुरेसा होता.

या बदलात काही गोष्टी जशाच्या तशा राहिल्या. डांगर हा शब्द त्याचे उत्तम उदाहरण आहे. भाजलेल्या उडदाचे पीठ ताकात किंवा दह्यात कालवून, वर फोडणी देऊन केलेले डांगर महाराष्ट्रातील घरांना परिचित आहे. तंजावरकडे हाच पदार्थ डांगर पच्चडी या नावाने होतो आणि तो करणाऱ्या अनेक तमिळ घरांना डांगर हा मराठी शब्द आहे याची कल्पनाही नसते. पच्चडी हा शब्द दक्षिणेचा, डांगर महाराष्ट्राचे. तीनशे वर्षांचा शेजार या दोन शब्दांच्या जोडीत सामावलेला आहे. सोज्जी या गोड पदार्थाचेही तसेच. मुलगी पाहण्याच्या प्रसंगी सोज्जी आणि भजी देण्याची चाल तमिळ ब्राह्मण घरांत इतकी रुळली, की त्या प्रसंगालाच लोक थट्टेने सोज्जी-बज्जी म्हणू लागले. आपल्याकडे गव्हाच्या रव्याला सोजी म्हणत, हे जुन्या मराठी घरांना सांगावयास नको.

परंतु केवळ शब्दांवर विसंबून इतिहास लिहिता येत नाही. त्याला ग्रंथांचाही आधार लागतो, आणि सुदैवाने तंजावरच्या बाबतीत तो आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ गणेश नवहस्त नावाच्या महाराष्ट्रीय पंडिताने भोजनकुतूहल या नावाचा ग्रंथ संस्कृतात रचला. धान्ये, डाळी, भाज्या, पक्वान्ने, त्यांचे गुणदोष, काय केव्हा खावे आणि काय कशाबरोबर खाऊ नये, असा हा अन्नाचा कोश आहे. नवहस्त म्हणजे नवाथे हे उघड आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान प. कृ. गोडे यांनी या ग्रंथकाराचा शोध घेतला. समर्थ रामदासांशी या रघुनाथाचा स्नेह होता आणि तंजावरची राणी दीपाबाई हिचा त्याला आश्रय होता, असे त्यांनी दाखवून दिले. चोळीबांगडीसाठी बंगळूरचा मुलूख मिळालेली जी राणी, तिच्याच आश्रयाला असलेल्या पंडिताने अन्नाचा हा ग्रंथ लिहावा, ही घटना सूचक आहे. परमुलखात नव्याने घर मांडणाऱ्या समाजाला आपण काय खातो हे लिहून ठेवण्याची गरज भासते. मायदेशी राहिलेल्याला ती भासत नाही. तेथे सासू सुनेला चुलीपाशी सांगते आणि तेवढ्यावर भागते. रघुनाथाचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की संस्कृत ग्रंथ लिहीत असतानाही तो पदार्थांची लोकांच्या तोंडी असलेली नावे देण्यास संकोचत नाही.

या ग्रंथात जिलबी आहे. गोडे यांनी १९४३ मध्ये जिलबीच्या इतिहासावर एक लेख लिहिला, तो आजही अभ्यासकांना उपयोगी पडतो. सुमारे १४५० च्या एका जैन कथाग्रंथात व्यापाऱ्याच्या घरच्या मेजवानीत जिलबीचा उल्लेख आहे, इथपासून तो भोजनकुतूहलापर्यंत त्यांनी तिचा माग काढला. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या वैद्यकग्रंथात कुंडलिनी नावाने हाच पदार्थ येतो. पीठ आंबट दह्यात आंबवून, भोके पाडलेल्या भांड्यातून तापल्या तुपात वेटोळी सोडावयाची आणि तळून काढून साखरेच्या पाकात बुडवावयाची, हीच ती कृती. नाव संस्कृत आहे आणि बैठक शास्त्राची आहे. पण पदार्थ बाहेरून आलेला आहे. अरबी भाषेतील झलाबिया आणि फारसीतील झुलबिया ही त्याची मूळ नावे. बगदादमध्ये दहाव्या शतकात लिहिल्या गेलेल्या पाकग्रंथातही झलाबिया आढळते.

येथे प्रारंभी सांगितलेल्या ग्रीक मिठाईवाल्यांशी एक अनपेक्षित नाते जुळते. बगदादच्या त्याच परंपरेत आंबवलेल्या पिठाचे गोळे तळून पाकात किंवा मधात बुडविण्याची दुसरी एक मिठाई होती. तिला काझीचे घास अशा अर्थाचे नाव होते. तुर्कांच्या राज्यात ती मिठाई ग्रीसपर्यंत पोहोचली, आणि लुकुमादेस या नावाने ग्रीक माणूस ती आजही आपली म्हणून खातो. एकाच कढईतून निघालेल्या दोन मिठाया : एक पश्चिमेला गेली आणि ग्रीक झाली, दुसरी पूर्वेला आली, संस्कृत नाव धारण करून वैद्यकग्रंथात शिरली आणि तंजावरच्या मराठी पंडिताच्या पोथीत जाऊन बसली. मूळ कोणाचे, या वादाला पाकशास्त्रात फारसा अर्थ उरत नाही, तो यामुळेच. जो पदार्थ ज्याने पिढ्यान्‌पिढ्या करून वाढला, तो त्याचा झाला.

पुरणपोळीची कथा याच्या उलट दिशेची आहे. पोळी हा दक्षिणेत मराठ्यांनी प्रथम नेलेला पदार्थ आहे, असे म्हणणे धाडसाचे होईल. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात पोळिका आहे. कर्नाटकात होळिगे आहे, आंध्रात बोब्बट्लु आहे. दख्खनच्या पठारावरची ही सामायिक मालमत्ता आहे. तमिळ प्रदेशातील मिठाईच्या दुकानात मात्र ती बोळी या नावाने विकली जाते. कन्नड होळिगे किंवा तेलुगू बोब्बट्लु यांपेक्षा ते नाव मराठी पोळीच्या अधिक जवळचे आहे. हळदीने पिवळ्या केलेल्या पातळ पारीत हरभऱ्याच्या डाळीचे आणि गुळाचे पुरण, कधी ओल्या खोबऱ्याचे सारण. महाराष्ट्रात पुरणपोळी ही होळीला, पोळ्याला, घरच्या कुलाचाराला होते. ती सहसा घराचा उंबरा ओलांडीत नाही. तिकडे बोळी दुकानाच्या काचेआड तव्यावरून उतरते आणि केळीच्या पानावर येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती पडते. जी गोष्ट स्वदेशात घराची राहिली, ती परदेशात रस्त्याची झाली.

सांबाराची गोष्ट तर प्रत्येकाने ऐकलेली असते. तंजावरचे शहाजीराजे यांच्याकडे छत्रपती संभाजीराजे पाहुणे म्हणून आले. आमटीसाठी आमसूल नव्हते. शहाजीराजांनी चिंचेचा कोळ घालून आमटी केली. ती पाहुण्याला आवडली आणि त्याच्या नावावरून तिला सांबार म्हणू लागले, अशी ही आख्यायिका. ती मराठी कानाला गोड लागते, म्हणूनच ती जरा अधिक तपासून घेतली पाहिजे. तिला समकालीन कागदाचा आधार नाही. शिवाय सांबार या शब्दाला व्यक्तिनामाची गरजही नाही. संभार म्हणजे साहित्य, सामग्री. त्यावरून मसाल्याच्या साहित्याला संभार म्हणणे सहज आहे. विदर्भात आजही कोथिंबिरीला सांभार म्हणतात, गुजरातेत लोणच्याच्या मसाल्याला तेच नाव आहे. तेव्हा मसाला घातलेले वरण ते सांबार, ही उपपत्ती अधिक साधी आहे. तरीही ती आख्यायिका फेकून देण्याजोगी नाही. तिच्यात घडलेली घटना नसेल, पण घडलेला बदल निश्चित आहे. आमसुलाची जागा चिंचेने घेतली हे तंजावरच्या प्रत्येक मराठी घरात कधी ना कधी घडले असले पाहिजे. आणि शेकडो अनाम गृहिणींनी केलेल्या त्या बदलाला लोकस्मृतीने राजाचे नाव दिले, इतकेच. लोकस्मृतीची ती रीतच आहे.

अन्नाच्या या इतिहासाला राज्याच्या इतिहासाची खरी धार येते ती दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात. १७७७ मध्ये जन्मलेल्या या राजपुत्राला दुसऱ्या तुळजाराजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतले. ख्रिश्चन फ्रीडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. गादीच्या हक्कासाठी त्याला अकरा वर्षे वाट पाहावी लागली आणि १७९८ मध्ये ती मिळाली. परंतु गादी हाती येऊन पुरते दीड वर्षही झाले नाही तोच, १७९९ च्या ऑक्टोबरात ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या तहाने राज्याचा सर्व कारभार कंपनीकडे गेला. राजाच्या वाट्याला किल्ला, वार्षिक एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले. बावीस वर्षांचा, इंग्रजी उत्तम जाणणारा, जिज्ञासू असा हा राजा राज्याविना राजा झाला.

अशा माणसाने उरलेल्या तेहेतीस वर्षांत काय करावे? सरफोजीराजांनी संग्रह केला. सरस्वती महालात त्यांनी हस्तलिखिते गोळा केली, हजारो युरोपीय ग्रंथ मागविले, चित्रे आणि नकाशे जमविले. धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग करविले, नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढवून त्यांच्या उपचारांची टिपणे ठेवली. देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ मध्ये तेथून बालबोधमुक्तावली हे मराठी पुस्तक छापून निघाले. ते इसापच्या कथांचे भाषांतर होते. पुण्यामुंबईकडे मराठी मुद्रण पुरते सुरू होण्याआधी एका ग्रीक कथाकाराच्या गोष्टी इंग्रजीच्या वाटेने येऊन कावेरीकाठी मराठी झाल्या, ही गोष्ट मराठी ग्रंथांच्या इतिहासात विसरता येणारी नाही. १८२६ मध्ये तंजावरास आलेल्या बिशप हेबरने या राजाची लाव्हाझिये आणि लिनियस यांच्या शास्त्रग्रंथांशी असलेली ओळख पाहून आश्चर्य व्यक्त केले होते.

याच राजाच्या नावाने शरभेंद्र पाकशास्त्र हा मराठी ग्रंथ ओळखला जातो. शरभेंद्र म्हणजे सरफोजी. ग्रंथावरून राजवाड्यातील पाकगृहांची जी व्यवस्था दिसते ती मोठी उद्बोधक आहे. ब्राह्मणी शाकाहाराचे पाकगृह वेगळे, मराठ्यांच्या सामिष भोजनाचे वेगळे आणि युरोपीय पाहुण्यांसाठी इंग्रजी पाकगृह तिसरे. एका राजवाड्यात तीन चुली. यात राजाची हौस आहेच, परंतु केवळ हौस नाही. कारभार गेल्यावर राजाच्या हाती सत्कार उरतो. रेसिडेंट, बिशप, प्रवासी उमराव, गव्हर्नराचे अधिकारी यांना जेवू घालण्यात तो आपले राजेपण राखू शकतो. ग्रीक मिठाईवाल्याने काचेआड जे मांडले ते गिऱ्हाइकाच्या रुचीचे. तंजावरच्या राजाने मेजावर जे मांडले ते सत्ताधाऱ्याच्या रुचीचे. पण एकाच पाकशास्त्राखाली मराठी, तमिळ परिसरातील आणि इंग्रजी अशा रीतींना जागा मिळावी, ही गोष्ट त्या काळच्या सोवळ्याओवळ्याचा विचार करता लहान नाही.

तथापि, सरफोजीराजांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे पाकगृह राजवाड्यातले नव्हते. ते रस्त्यावर होते. काशीहून रामेश्वरास जाणाऱ्या यात्रेच्या मार्गावर तंजावरच्या राजांनी आणि राण्यांनी छत्रे, म्हणजे अन्नछत्रांसह धर्मशाळा बांधल्या होत्या. नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र, ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र अशी त्यांची नावे बहुधा राजघराण्यातील स्त्रियांची आहेत. मुक्तांबाळ ही सरफोजीराजांची प्रिय सहचारिणी. तिच्या स्मृत्यर्थ त्यांनी ते छत्र उभारले. कंपनीने मुलूख घेतला तेव्हा या छत्रांचे काय होणार, हा प्रश्न निर्माण झाला. त्या वेळी, १८०१ मध्ये, सरफोजीराजांनी रेसिडेंटाला एक पत्र लिहिले. तंजावरच्या इतिहासातील ते एक महत्त्वाचे पत्र आहे.

त्या पत्राचा आशय असा. या छत्रांत ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्व वाटसरूंना, जोगी, जंगम, अतीत आणि बैरागी यांना शिजवलेला भात मिळतो. ज्यांना शिजवलेले अन्न घेता येत नाही त्यांना तांदूळ आणि मसाल्याचा कोरडा शिधा मिळतो. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चालते. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होतो, की कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे. आजाऱ्याला वैद्य, तान्ह्या मुलांना दूध, बाळंतिणीची काळजी, निराधार मुलांना शिक्षण, आणि वाटेत मृत्यू पावलेल्यास त्याच्या त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार, एवढे सारे तेथे होते. राज्य घेतलेत ते घेतलेत, पण हे छत्रांचे काम आपल्या हातून काढून घेऊ नका, अशी त्या पत्रातील विनवणी आहे.

या पत्राकडे भाबडेपणाने पाहू नये. छत्रे चालत ती त्यांना लावून दिलेल्या गावांच्या उत्पन्नावर, म्हणजे अखेर कावेरीकाठच्या कुळांच्या घामावर. शिजवलेले आणि कोरडे अशी वाटणी होती, तीत जातिभेद स्पष्ट आहे. दानधर्मात राजाचा लौकिकही होता. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. ज्याचा मुलूख गेला त्या राजाने पत्रात फौजेची मागणी केली नाही; त्याने मध्यरात्रीची घंटा मागितली. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्याचे पूर्वज परके म्हणून या भूमीत आले, त्याला आता तेथल्या वाटसरूला जेवू घालणे हे आपल्या घराण्याच्या अस्तित्वाचे प्रमाण वाटत होते. परका आणि घरचा यांतील फरक जाणण्याची याहून चांगली कसोटी नाही. परका जेवावयास येतो. घरचा जेवावयास वाढतो.

सरफोजीराजे १८३२ मध्ये वारले. त्यांचे पुत्र दुसरे शिवाजीराजे १८५५ च्या ऑक्टोबरात मृत्यू पावले. त्यांना पुत्र नव्हता, आणि लॉर्ड डलहौसीच्या काळात याचा अर्थ काय होता हे सर्वश्रुत आहे. कंपनीने गादी नाहीशी केली. त्याबरोबर राजवाड्यातील खासगी मालमत्तेवरही मोहोर केली. राणी कामाक्षीबाई यांनी न्यायालयात दाद मागितली. मद्रासच्या न्यायालयात त्यांच्या बाजूने निर्णय झाला. परंतु प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले आणि १८५९ मध्ये तेथे निकाल उलटला. ही जप्ती सार्वभौम सत्तेचे कृत्य असून, ते न्याय्य असो वा नसो, न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही, असा तो निकाल. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो आजही शिकविला जातो. पुढे १८६२ मध्ये सरकारने बरीचशी मालमत्ता राण्यांना परत दिली, पण हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून. सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ मध्ये सार्वजनिक झाले. राजघराण्याच्या संग्रहातील जो भाग सर्वांसाठी खुला झाला, तो अखंड राहिला. आणि शरभेंद्र पाकशास्त्रही त्याच संग्रहाच्या आश्रयाने आजच्या वाचकापर्यंत पोहोचले.

गादी गेली तरी माणसे गेली नाहीत. तंजावरकडील मराठी कुटुंबे तेथेच राहिली, पुढे मद्रासपासून थेट परदेशांपर्यंत पांगली. तमिळ शेजाऱ्यांनी त्यांना रायर म्हटले. घरात ती जी मराठी बोलत आली, तीत सतराव्या शतकातील काही वळणे टिकली आणि तमिळचे कितीतरी प्रयोग मिसळले. पुण्याच्या माणसाला ती भाषा ऐकताना क्षणभर आपल्या पणजीचा आवाज ऐकल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्याच क्षणी वाक्य हातातून निसटते. त्या घरांत वांगीभात होतो, डांगर होते, आंबट वरण होते. पण नव्या पिढीतील कित्येकांना ती भाषा बोलता येत नाही, आणि वाचता येणारे तर त्याहून थोडे. मोडी लिपीतील हजारो कागद तंजावरात आहेत आणि ते वाचणारे मोजकेच आहेत. ही हानी खरी आहे आणि ती गोड शब्दांनी झाकण्याचे कारण नाही. राजघराण्याच्या मराठी लेखांनी बृहदीश्वराच्या देवळाची भिंत कोरली गेली आहे. १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा तो विस्तृत इतिहास दगडात असल्यामुळे कायम राहील. पण दर्शनास येणाऱ्या हजारोंमध्ये तो वाचू शकणारे थोडेच असतात.

याउलट, त्या देवळातून बाहेर पडलेला यात्रेकरू मिठाईच्या दुकानासमोर थांबतो. तेथे काचेच्या कपाटात तिरुवैयारूचा मुगाच्या डाळीचा अशोका हलवा असतो, जिलबी असते, जांगिरी असते, आणि एका बाजूला तव्यावर तुपाने चमकणारी बोळी. त्या कपाटावर कोणाचेही नाव नसते. बगदादची झलाबिया, भोजनकुतूहलातील जिलबी, कल्याणीच्या चालुक्यांची पोळिका, दीपाबाईच्या वेळच्या आचाऱ्यांचे पुरण, यांचा हिशेब तेथे कोणी मागत नाही आणि दुकानदार देत नाही. भिंतीवरील कोरीव अक्षर वाचण्यासाठी विद्या लागते. बोळी खाण्यासाठी केवळ भूक लागते.

भोसल्यांनी तंजावरास जे आपल्यापुरते राखले, ते एकेक करून त्यांच्या हातून गेले : अधिकार तहाने गेला, गादी हुकुमाने गेली, खजिना न्यायाच्या नावाखाली गेला. जे त्यांनी इतरांसाठी उघडे केले, त्यातले पुष्कळ राहिले. ग्रंथालय राहिले, कारण ते लोकांना दिले गेले. छत्रांची आठवण राहिली, कारण तेथे घंटा वाजवून उपाशी माणसाला बोलावले जाई. आणि पोळी राहिली, कारण ती शेजारणीला शिकविली गेली, शेजारणीने तिला आपले नाव दिले, आणि एके दिवशी ती शेजारणीचीच झाली. परमुलखात गेलेल्या माणसाला आपल्या संस्कृतीची राखण करावीशी वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. तंजावरच्या मुदपाकखान्याची साक्ष मात्र अशी, की राखण कडीकुलपाने होत नाही. पान मांडून, समोरच्याला बसवून, त्याला रुचेल असे थोडे बदलून जे वाढले जाते, तेच पुढच्या पिढीच्या पानात उरते.